वर्षागणिक तुलना करण्याआधी तारखांचे टेबल तपासा

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मागील वर्षाचे आकडे जुळत नसतील, तर सूत्र पुन्हा पुन्हा बदलण्यापूर्वी तारखांचे टेबल (ज्यात प्रत्येक दिवसाची एक ओळ असते) तपासावे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. त्यातील ‘सेम पिरियड लास्ट इयर’ हे फंक्शन (तयार सूत्र) निवडलेल्या तारखा एक वर्ष मागे नेते. म्हणून आर्थिक वर्ष कोणत्याही महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होत असले, तरी ते योग्य उत्तर देते. मात्र ४-४-५ पद्धतीत, जिथे प्रत्येक तिमाही ४, ४ आणि ५ आठवड्यांच्या तीन कालखंडांत विभागलेली असते, तिथे सामान्य वर्ष ३६४ दिवसांचे असते आणि कालखंडांच्या सीमा दरवर्षी सरकतात. अशा वेळी आर्थिक वर्ष आणि कालखंड क्रमांक असे दोन स्तंभ टेबलात ठेवून, मागील वर्षाचा तोच क्रमांक शोधणारे सूत्र लिहावे.

३६४ दिवसांच्या वर्षांमुळे मागे पडलेले दिवस भरून काढण्यासाठी दर पाच-सहा वर्षांनी येणाऱ्या ५३व्या आठवड्याला मागील वर्षात जोडीदार नसतो. त्याची तुलना कशाशी करायची हे अहवाल वाचणाऱ्यांशी बोलून आधीच ठरवावे आणि तो निर्णय अहवालातच नोंदवावा. चालू कालखंड अपूर्ण असेल, तर मागील वर्षाचेही तितकेच दिवस घ्यावेत, अन्यथा नसलेली घट दिसेल.