जेट बोटीचा गट वाढवायचाय? मग सुरुवात पंपवाल्यापासून कर

पैठणकडं जेट बोटीचे चारच शौकीन आहेत म्हणून नाराज होऊ नकोस. गट वाढेल, फक्त 'बोट असेल त्यालाच घेऊ' ही पहिली चूक टाळ. आपल्याकडं बोट किती जणांकडं असणार? विहिरीचा पंप खोलणारा मेस्त्री, आयटीआयची पोरं यांना आधी बोलाव. ज्याला पंप कळतो त्याला जेट बोट पाच मिनिटांत कळते: तळातून पाणी ओढायचं, इम्पेलरनं (पंपातल्या फिरत्या पात्यांनी) दाबायचं, मागच्या नोझलमधून जोरात फेकायचं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात ही बोट तिकडच्या उथळ नद्यांसाठीच घडवली. तळाखाली पंखा नाही, हे ऐकलं की आपला मेस्त्री हमखास जवळ सरकतो.

नवख्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकव:

- रेस (थ्रॉटल) सोडली की बोट वळत नाही. घाबरून रेस सोडणारा थेट अडथळ्यावरच जातो. मोकळ्या पाण्यात, कमी वेगात हे त्याच्या हाताला कळू दे.
- जलपर्णी किंवा जाळं अडकलं तर आधी इंजिन बंद, मगच हात.
- लाइफ जॅकेटशिवाय कुणीही बसायचं नाही.

आणखी एक. नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय बोट उतरवायची नाही. धरण कुठलंही असो, मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना आधी भेट. जाळी कुठं, खडक कुठं, हे त्यांनाच ठाऊक. त्यांना पाहुणे नको, गटातलेच कर.

इम्पेलरचा पिच (पात्यांचा तिरकेपणा), इंजिनाची ताकद हे सगळं पुढच्या हंगामात बघू.