माळ घातलीस, आता हात पुढं करायला शिक

माळ घातलीस, एकादशी धरलीस, बरं केलंस. पण परवा काकड्यानंतर म्हणालास, 'भाऊ, हाताला काम नाही आणि नामात मन लागत नाही.' म्हणून लिहितोय.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या बेळगावच्या वडगावातले माग थांबले. ती खटखट बंद झाली तर झोप येईना, इतकी कानाला सवय. साड्या घडी घालून तयार, पण उचलायला व्यापारी नाही. माळ घालून मला वीस वर्षं झालेली, आणि आपण कुणापुढं हात पसरत नाही याची मनात फुशारकी. एका संध्याकाळी बायकोनं पिठाचा डबा परातीत पालथा घातला आणि तळावर थापट्या मारल्या. मूठभर पीठ पडलं. मी देवापुढं बसलो खरा, पण रुसून. तेवढ्यात शेजारची कानडी अक्का जोंधळ्याचं पीठ घेऊन आली. ते घेताना मान वर होईना. वीस वर्षांतला माझा पहिला खरा नमस्कार त्या रात्रीचा.

1630 च्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, हे कीर्तनात ऐकून आपण माना डोलावतो. डोलवायला काय जातंय!

तू एवढं कर. सकाळी कामाच्या शोधात निघ, देव काही माग चालवायला येणार नाही. मन लागो न लागो, संध्याकाळचं भजन चुकवू नकोस. दिंडीत चारचौघांत अडचण सांगायची लाज वाटली तर आधी मला सांग. आणि उद्या येताना रिकामी पिशवी आण, खानापूरहून तांदूळ आलेत.