वाचक विचारतात : आजोबांचा चाकू घासू नका

प्रश्न : काका, माझे आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात वायरमन होते. माळा आवरताना त्यांचा घडीचा चाकू सापडला. मूठ लाकडी, एक नेहमीचं पातं, दुसरं स्क्रूड्रायव्हरसारखं. मुठीवरच्या छोट्या पट्टीत 'टीएल-२९' आहे आणि पात्याच्या बुडाशी 'कॅमिलस' आणि 'यूएसए'. पातं काळं पडलंय. भाऊ म्हणतो बफिंग करून आणू, आरशासारखं होईल. आणूया का? आणि किंमत किती येईल?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा, मग पुढचं वाचा.

बफिंगचं पाप मी स्वतः केलेलं आहे. मकरपुऱ्यात टूलरूमला होतो तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी नावाच्या जुन्या बाजारात तीन पात्यांचा एक अमेरिकन चाकू मिळाला, काळाकुट्ट. जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं होतं, धरला बफवर. दोन मिनिटांत असा चमकला की शेजारचा फिटर डबा सोडून बघायला आला. घरी येऊन भिंग लावलं तर पात्याच्या बुडाशी जिथे कारखान्याचं नाव होतं तिथे गुळगुळीत लोखंड. आता तो चाकू कुठला आणि कधीचा, हे कोणीच सांगू शकत नाही. मी त्याने कैऱ्या चिरतो.

तुमच्या आजोबांच्या चाकूचा जन्मदाखला मात्र शाबूत आहे. टीएल-२९ हा अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या, म्हणजे संदेश-दळणवळण दलातल्या, तारवाल्यांचा चाकू. तो बऱ्याच कारखान्यांनी बनवला, कॅमिलस त्यातलाच एक. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस याच नावाच्या गावात होता, २००७ मध्ये बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौज कलकत्ता-आसामकडे होती आणि युद्ध संपल्यावर त्यांचं उरलंसुरलं सामान इथेच विकलं गेलं. वायरमनच्या हातात असा चाकू यायला तो एक रस्ता होता.

आता एक करून बघा. स्क्रूड्रायव्हरचं पातं पूर्ण उघडा आणि मुठीच्या आत डोकवा. आतल्या पितळी अस्तराची एक जीभ बाजूला सरकून पात्याच्या मागे अडकलेली दिसेल. स्क्रूवर जोर लावताना पातं मिटून बोटं चिरू नयेत म्हणून ती सोय. जीभ अंगठ्याने बाजूला ढकलल्याशिवाय पातं मिटायचं नाही. मोठ्या पात्याला ही जीभ नसते, त्याच्या पाठीला नुसती स्प्रिंग असते. त्याच स्क्रूड्रायव्हरच्या पात्याची एक कड तारेवरचं आवरण खरवडायला असते. आजोबांनी ती वापरली असेल तर तिथे बारीक दाते पडलेले असतील. असू द्यात, ते घासू नका.

काळेपणाचं म्हणाल तर काळा वेगळा आणि तांबडा वेगळा. हे कार्बन स्टील आहे. वर्षानुवर्षं कांदा, लिंबू, हाताचा घाम लागून त्यावर निळसर काळी झाक चढते. ती पात्याचं रक्षणच करते आणि तिच्यामुळेच चाकू जुना दिसतो. तांबडी भुकटी मात्र चालू गंज. तिच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी तांब्याच्या तुकड्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. बिजागरीतली घाण दात कोरायच्या काडीने काढा. पाण्यात बुडवून ठेवू नका, मूठ लाकडाची आहे.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही, चाकू हातात घेतल्याशिवाय सांगणारा थापा मारतो. बघायचं काय ते सांगतो. धार लावून लावून पातं किती झिजलंय? मुठीला तडा आहे का? आणि पातं उघडताना-मिटताना स्प्रिंग कशी वागते? अमेरिकेतले शौकीन याला पात्याची चाल आणि बोल म्हणतात. मिटताना शेवटी 'टक्' असा कोरडा आवाज आला की समजा पात्यात अजून जीव आहे.

प्रश्न : काका, विकणारा सांगतो तेवढा चाकू जुना आहे की नाही, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : विकणाऱ्याकडे बघू नका, पात्याच्या बुडाकडे बघा. माझीच फजिती सांगतो.

शुक्रवारीत एकाने दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा चाकू पुढे केला. "साहेब, आ तो राजमहेलनो माल छे." मी काय, बडोद्याचाच. घरी पोचेपर्यंत मनात अख्खी कादंबरी तयार! सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना आणलं होतं. ते कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे आणि कनेक्टिकट म्हणजे चाकू-सुऱ्यांचा मुलूख. म्हणजे चाकू बोर्डनसाहेबांचाच! बायकोला तसं सांगूनही टाकलं.

मग भिंग घेतलं. 'केस एक्सएक्स', खाली 'यूएसए' आणि त्याखाली ठिपके. मोजले, सात. केस ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची कंपनी. १९४० ते १९६४ तिचा शिक्का नुसता 'केस एक्सएक्स' होता, १९६५ पासून त्यात 'यूएसए' आलं. १९७० मध्ये खाली दहा ठिपके आले आणि मग दर वर्षी एक कमी. सात ठिपके म्हणजे १९७३. बोर्डनसाहेब १९१३ लाच परत गेले होते. बायको अजूनही पाहुण्यांसमोर मला "बोर्डनसाहेब, चहा घेता ना?" म्हणते.

त्याच चाकूवर ६२५४ आकडा आहे. केसच्या आकड्यात पहिला अंक मुठीचा, ६ म्हणजे हाड. दुसरा पात्यांची संख्या. उरलेले दोन घाटाचे, ५४ म्हणजे ट्रॅपर नावाचा घाट. ६ च्या आकड्याला पिवळी प्लॅस्टिकची मूठ दिसली तर कुठेतरी हात फिरलाय.

रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीच्या चाकूच्या मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची चकती दिसली की लोक हुरळतात. जुने रेमिंग्टन १९२० ते १९४० मधले खरे, पण १९८२ पासून गोळीवाले चाकू नव्याने निघायला लागले. आणि 'जर्मनी' वाचून अमेरिकन नाही म्हणून फेकून देऊ नका. अमेरिकन व्यापारी आपल्या नावाचे चाकू जर्मनीतल्या सोलिंगेनहून करवून घेत. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून 'जर्मनी' असं छापलेला चाकू बहुधा त्यानंतरचा.

शिक्का खोटाही मारतात. अक्षरं कोरी करकरीत आणि आजूबाजूचं लोखंड खड्ड्याखड्ड्यांचं असेल, किंवा एका पात्याचं बूड दुसऱ्यापेक्षा पातळ लागलं, तर पैसे खिशातच ठेवा.

सांबरशिंगाची मूठ कितीही देखणी असली तरी तिच्या खरेदी-विक्रीत पडू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

प्रश्न : माझ्याकडे पाच-सहा जुने चाकू झालेत. एकत्र डब्यात ठेवले तर चालतील? एकाची मूठ रंगीत, शिंपल्यासारखी चमकणारी आहे आणि कापरासारखा वास येतो.
— एक वाचक, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : तो वासाचा आजच वेगळा काढा. ती मूठ सेल्युलॉइडची आहे, कापूर त्यात असतोच. जुनं झालं की सेल्युलॉइड सडायला लागतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारच्यांनाही खाते. मी बिस्किटाच्या घट्ट डब्यात असा एक बाकी सहांबरोबर ठेवला होता. खंडेनवमीला पूजेसाठी डबा उघडला तर सहाही चाकूंचं पितळ हिरवं आणि पात्यांवर तांबडे फोड. सेल्युलॉइडवाला एकटा, उघड्या हवेत, देवघराच्या दिव्यापासून लांब ठेवा. पेट घेतो.

बाकीच्यांना तेलाचा पुसट हात आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा पुरे. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. आणि पूजेचं गंध त्याच संध्याकाळी पुसा. माझ्या एका चाकूच्या पात्यावर चार बोटांचे चार डाग आहेत, ते आईच्या हातचं गंध दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तेव्हाचे. तेही मी घासलेले नाहीत.