आयातीवर शुल्क आणि निर्यातीवर बंदी: संरक्षण नेमके कोणाला मिळते?

आपला प्रश्न असा आहे: "आयात शुल्क वाढवले की देशातील उत्पादकाला संरक्षण मिळते, असे सांगितले जाते. मग तेच सरकार कांद्याच्या निर्यातीवर बंदी का घालते? दोन्ही गोष्टी संरक्षणवादातच मोडत असतील, तर शेतकऱ्याला त्यात फायदा आहे की तोटा?"

दोन्ही गोष्टी संरक्षणवादातच मोडतात, मात्र संरक्षण मिळणारा माणूस दोन्हींत वेगळा असतो. आयात शुल्काने देशी उत्पादकाला आडोसा मिळतो आणि त्याचा खर्च देशी ग्राहक भरतो. निर्यातबंदीने देशी ग्राहकाला आडोसा मिळतो आणि खर्च देशी उत्पादक भरतो. परदेशी माणसाला बसणारी झळ दोन्हींत दुय्यम असते. म्हणून "देशाला संरक्षण" हा शब्दप्रयोग मला फसवा वाटतो. सीमेवर लावलेला कर बहुतांशी देशातल्याच एका गटाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात टाकला जातो. मी नाशिक जिल्ह्यात शेतमालाच्या निर्यातीची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे उदाहरणे आमच्याकडचीच देतो.

कांद्यावरील निर्बंधांचा अलीकडचा क्रम आधी पाहू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावण्यात आले. ऑक्टोबरअखेर त्याच्या जागी टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य आले, म्हणजे किलोला साधारण ६६ रुपयांच्या खाली बिल करण्यास मनाई झाली. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्णपणे बंद झाली. ही बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे वाढवली गेली आणि ४ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीचे मतदान सुरू असताना, उठली. पण तिच्या जागी ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क आले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य रद्द होऊन शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले. याआधी २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरमध्येही अशीच बंदी आली होती.

या क्रमातील ४० टक्के शुल्काचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, दुबईचा आयातदार बंदरावर किलोला ३० रुपये द्यायला तयार आहे. पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा त्याला त्याच भावात मिळत असल्यामुळे आपल्याकडे शुल्क लागले म्हणून तो ४२ रुपये देणार नाही. त्याच्या ३० रुपयांतून १२ रुपये शुल्कात जातात आणि १८ उरतात. प्रतवारी, गोणी, हमाली, तोलाई, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंतचे भाडे, वाटेतील घट आणि निर्यातदाराचे मार्जिन मिळून ८ रुपये धरले, तर बाजार समितीच्या आवारात व्यापारी १० रुपयांच्या वर बोली लावू शकत नाही. शुल्क नसते तर हीच बोली २२ रुपयांपर्यंत गेली असती. कागदावरचे शुल्क ४० टक्के, पण शेतकऱ्याच्या भावात पडलेली तूट निम्म्याहून अधिक! मधल्या खर्चांपैकी एकही खर्च शुल्क आले म्हणून कमी होत नाही. सगळी कात्री शेवटच्या आकड्याला लागते, आणि तो आकडा शेतकऱ्याचा असतो.

यावर नेहमी विचारले जाते की, देशातील उत्पादनाच्या मानाने निर्यात अगदी थोडी असताना तिच्या बंदीने भाव इतके कसे पडतात. २०२२-२३ मध्ये सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि सुमारे २५ लाख टन निर्यात झाला, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. पण कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही आणि महाग झाला म्हणून फोडणीतून तो वगळतही नाही. मागणी अशी ताठर असते तेव्हा पाच-सात टक्के माल जास्त झाला तरी भाव तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक खाली येऊ शकतो. शिवाय लिलावात सर्वांत वरची बोली बहुधा निर्यातीचा माल घेणाऱ्याची असते आणि स्थानिक व्यापारी तिच्या अंदाजाने आपली बोली ठरवतो. ती वरची बोली निघून गेली की गोल्टीपर्यंत (अगदी लहान कांद्यापर्यंत) सगळ्याच मालाचे भाव खाली सरकतात. डिसेंबर २०२३ मध्ये लासलगावला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या मोठ्या बाजारात, काही आठवड्यांतच भाव निम्म्यावर आले, ते याच कारणाने.

निर्बंध कोणत्या महिन्यात येतो यालाही मोठे महत्त्व आहे, आणि दिल्लीतल्या चर्चेत नेमके तेच सुटते. ऑगस्टमधले शुल्क उन्हाळ कांद्यावर आले. हा कांदा एप्रिल-मे मध्ये निघतो आणि दिवाळीपर्यंत चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, राहतो. या काळात वजनातील घट, कोंब आणि सड धरून पाव ते तिसरा हिस्सा माल जातो. ही नासाडी सोसून शेतकरी कांदा ठेवतो, कारण पावसाळ्याच्या शेवटी भाव चढतील असा त्याचा अंदाज असतो. आणि त्याने तो ठेवला म्हणूनच ऑक्टोबरमध्ये शहरांना कांदा मिळतो. भाव चढू लागताच सरकार शुल्क लावणार असेल, तर साठवणुकीचा धोका शेतकऱ्याचा आणि तिचा लाभ दुसऱ्याचा, असा व्यवहार होतो. असे दोन-तीन वर्षे झाले की माणूस चाळ बांधण्याऐवजी मे महिन्यातच मिळेल त्या भावाला माल काढून मोकळा होतो, आणि मग पुढच्या ऑक्टोबरची टंचाई अधिक तीव्र होते. डिसेंबरमधल्या बंदीचा फटका मात्र खरिपाच्या लाल कांद्याला बसला. तो टिकतच नाही. बंदी उठण्याची वाट पाहत बसण्याची सोयच नसते.

आता आयात शुल्काची बाजू. १३ सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी सरकारने कांद्याचे निर्यात शुल्क कमी केले आणि खाद्यतेलाचे आयात शुल्क वाढवले. महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती, तेव्हा दोन्ही निर्णय एकत्र येण्यात योगायोग किती होता ते वाचकांनी ठरवावे. कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले, तर रिफाइंड तेलावरचे ३५.७५ टक्के. उद्देश उघड होता: लातूर, अकोला, वाशीम पट्ट्यातील सोयाबीनला हमीभाव मिळत नव्हता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता.

शुल्क लागल्यावर खाद्यतेल महागले. सोयाबीन मात्र हंगामभर हमीभावाच्या खालीच विकले गेले. हे कसे झाले, याचे उत्तर गिरणीत सापडते. शंभर किलो सोयाबीन गाळले की तेल जेमतेम अठरा किलो मिळते, ऐंशी किलोच्या आसपास पेंड मिळते, आणि सोयाबीनची निम्म्याहून अधिक किंमत पेंडीतून वसूल होते. त्या वर्षी पेंडीला उठाव नव्हता, कारण जागतिक बाजारात पेंड स्वस्त होती आणि देशात मका व तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. म्हणजे सरकारच्या एका धोरणाने तेलाला आधार दिला आणि इथेनॉलच्या दुसऱ्या धोरणाने पेंडीचा आधार काढून घेतला. सोयाबीन पिकवणारा शेतकरीही तेलाची पिशवी किराणा दुकानातूनच आणतो. त्याने वाढीव दर भरला, वाढीव भाव मात्र त्याच्यापर्यंत पोचला नाही.

पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले आणि रिफाइंडवरचे ३५.७५ टक्केच ठेवले. दोन्हींतील अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेले. तेलबिया पिकवणाऱ्याचा आडोसा कमी झाला आणि आयात केलेले कच्चे तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा वाढला. रिफायनरी चालाव्यात, तेथील रोजगार टिकावा, यात गैर काही नाही; पण याला शेतकऱ्याचे संरक्षण म्हणता येणार नाही. अधिसूचनेत शुल्काचा एक आकडा पाहून थांबू नये. कच्च्या आणि पक्क्या मालावरच्या दरांतील फरक पाहावा, म्हणजे संरक्षण कोणाच्या दारी उतरले ते कळते.

याहून खोलवरची एक गोष्ट अर्थशास्त्रज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्ये दाखवली: सर्व आयातीवर सरसकट लावलेला कर हा परिणामाने निर्यातीवरच्या करासारखाच असतो. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटते, पण विचार केल्यास पटते. आयात कमी झाली की डॉलरची मागणी कमी होते, रुपया त्या मानाने महाग राहतो आणि निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागे कमी रुपये मिळतात. त्याशिवाय संरक्षित उद्योगांकडे मजूर, भांडवल आणि जमीन ओढली जाते, त्यामुळे इतरांचा खर्च वाढतो. एखाद्या वस्तूवरच्या सुट्या शुल्काला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि, सगळीकडे शुल्क वाढवू आणि शिवाय निर्यातही वाढवू, असे एका दमात सांगणाऱ्याने लर्नर यांना उत्तर दिले पाहिजे.

याचा अर्थ मी सर्वच संरक्षणाच्या विरोधात आहे असा घेऊ नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मुक्त व्यापाराची इंग्रजी तत्त्वे हिंदुस्थानला आहेत तशी लावण्यास हरकत घेतली होती, आणि ती योग्यच होती. त्या काळचा मुक्त व्यापार मुक्त नव्हताच. १८९६ पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क होते, आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचे नुकसान होऊ नये म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर होता. तो १९२५ पर्यंत टिकला. नव्या उद्योगाला शिकण्यासाठी काही वर्षे आडोसा द्यावा, हा युक्तिवाद आजही मला मान्य आहे. अट इतकीच की आडोसा कधी निघणार हे आधी ठरलेले असावे. स्वातंत्र्यानंतर आपण आडोसा दिला आणि मुदत घालण्याचे विसरलो. १९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल शुल्क १५० टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा ती उदारीकरणाची मोठी उडी मानली गेली, यावरून आधीची स्थिती लक्षात यावी.

कांद्याकडे परत येतो, कारण त्याचा सर्वांत मोठा तोटा अजून सांगितलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक रांगेत अडकून पडले आणि पुष्कळ माल तिथेच सडला. त्याआधीच्या वर्षी बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतील एका कार्यक्रमात, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे हसतहसत म्हटले होते. हसण्यावारी नेलेली ही तक्रार होती. त्यानंतर त्या देशाने स्वतःची लागवड वाढवली, पाकिस्तान, तुर्कस्तान, चीन आणि म्यानमारकडून माल आणण्याची सवय केली, आणि आता तेथील कांद्याच्या हंगामात तेथील शेतकऱ्यांसाठी भारतीय कांद्याच्या आयात परवान्यांवर रोक लावली जाते. आपली निर्यातबंदी त्यांच्या संरक्षणवादाला कारण ठरली. आमच्या कामात हे रोज जाणवते: जुना ग्राहक दर विचारतो, पण सौदा करताना पुढच्या महिन्याची हमी मागतो, आणि ती हमी कोणताही निर्यातदार देऊ शकत नाही. मग तो ग्राहक निम्मा माल दुसऱ्या देशाकडून घेतो. बंदी उठली तरी तो निम्मा हिस्सा आपोआप परत येत नाही.

महागाईकडे सरकारने डोळेझाक करावी असे माझे म्हणणे नाही. कांद्याच्या भावाने १९९८ मध्ये दिल्लीचे राज्य सरकार जाण्यास हातभार लावला, हे कोणताही राजकारणी विसरलेला नाही, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला किलोमागे चाळीस रुपये जास्त देणे खरोखर जड जाते. त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांकरवी उन्हाळ कांदा वेळेत विकत घेऊन टंचाईच्या वस्त्यांत स्वस्त विकण्याचा मार्ग आहेच; २०२३ मध्ये २५ रुपये किलोने अशी विक्री झालीही होती. त्याचा खर्च तिजोरीतून होतो आणि अंदाजपत्रकात दिसतो, म्हणूनच तो कोणाला आवडत नाही. निर्यातबंदीचा खर्च तेवढाच किंवा जास्त असतो, पण तो चाळीत आणि लिलावात विखुरलेला असल्यामुळे कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. निर्बंध लावायचाच असेल, तर पूर्ण बंदीऐवजी शुल्क असावे, ते कोणत्या भावाला सुरू होणार आणि कोणत्या भावाला उठणार हे लागवडीच्या आधी जाहीर व्हावे, आणि हाती करार असलेल्या मालाला त्यातून सूट मिळावी. एवढे झाले, तरी चाळ भरायची की नाही हे शेतकऱ्याला मे महिन्यात ठरवता येईल.