हिप हॉपच्या क्षेत्रात प्रकल्प व्यवस्थापक म्हणून घरून काम करता येते का?

स्टुडिओत हजर न राहता हिप हॉपच्या क्षेत्रात प्रकल्प व्यवस्थापकाचे काम करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी हे काम काही वर्षांपासून घरूनच करते, त्यामुळे नक्कीच करता येते असे सांगेन. मात्र त्यातला खरा कस वेळापत्रक सांभाळण्यात नसून, स्टुडिओत रात्री तोंडी ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कागदावर आणण्यात लागतो.

रॅपचे गाणे सहसा एकट्याचे नसते. बीट (शब्दांमागचे तालसंगीत) एकाचा, ओळी दुसऱ्याच्या, पाहुण्या रॅपरचे कडवे भलत्याच शहरातून आलेले, आणि अनेकदा मुळाशी जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, म्हणजे सॅम्पल असतो. या सॅम्पलसाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि मूळ गीत-संगीताच्या हक्कधारकाची अशा दोन स्वतंत्र परवानग्या लागतात. अमेरिकी रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यावरून झालेल्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९१ मध्ये विनापरवाना सॅम्पलविरुद्ध निकाल दिला, आणि तेव्हापासून मोठ्या संगीत कंपन्या परवानगीवाचून गाणे पुढे सरकू देत नाहीत. एका गाण्यात सॅम्पल असल्याचे मला मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा ध्वनिसंस्कार झाल्यावर कळले होते. ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे उत्तर येईना, म्हणून शेवटी ती धून वादकांकडून नव्याने वाजवून घेतली. तसे केल्यास केवळ गीत-संगीताचीच परवानगी पुरते. आता बीट हाती येताच त्यात काय काय वापरले आहे, हे मी निर्मात्याकडून लिहून घेते.

श्रेयाच्या वाटणीचेही तसेच आहे. कलाकार ईमेल फारसे वाचत नाहीत, व्हॉइस नोट मात्र लगेच पाठवतात. ती ऐकून मी प्रत्येकाचा टक्का लिहून काढते, बेरीज शंभर होते ना ते पाहते आणि त्याच दिवशी स्प्लिट शीटवर, म्हणजे गाण्यात कोणाचा किती वाटा हे नोंदवणाऱ्या कागदावर सह्या मागते, कारण गाणे गाजल्यानंतर प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

तारखांचे गणित त्यामानाने सोपे आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत रुळली आहे. स्पॉटिफायवर गाण्यांच्या याद्या (प्लेलिस्ट) करणाऱ्या संपादकांकडे गाणे निदान सात दिवस आधी सुचवावे लागते. मी मात्र चार आठवडे हाताशी ठेवते, कारण शिव्या गाळलेल्या आवृत्तीसाठी वेगळी फाइल आणि वेगळा आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा) क्रमांक लागतो.

आपल्याला सुरुवात करायची असेल, तर ओळखीच्या एखाद्या रॅपरचे एकच गाणे घ्या आणि स्प्लिट शीटपासून प्रकाशनापर्यंतची सगळी कागदपत्रे स्वतः पूर्ण करा. मुलाखतीत तीच दाखवता येतील.