दहावी-बारावीच्या मुलांसाठीचे मेंटॉर प्रोग्राम देशभर वाढवायचे तर आधी काय पक्कं करायला हवं?

मेंटॉर आणि मुलाची जोडी किमान वर्षभर टिकेल याची सोय आधी करा, आकडा नंतर वाढवा. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या मुलांना मेंटॉर जोडून देणाऱ्या संस्थेच्या जोड्यांवर २००२ साली अभ्यास आला होता, त्यात वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा आत्मविश्वास उलट घसरला. म्हणजे उद्घाटनाला शंभर मेंटॉर जमवून शिमग्यापर्यंत निम्मे गायब झाले तर ते त्या पोरांचं नुकसानच.

आमच्याकडे कोकणात राजापूर-देवगडच्या बाजूला मुंबईचे चाकरमानी यासाठी फार चांगले, गणपतीत आणि मे महिन्यात गावी येतातच तेव्हा समोरासमोर बसायचं, मधल्या काळात दर रविवारी ठरलेल्या वेळी फोन, आणि गावात एक शिक्षक किंवा अंगणवाडीताई असा माणूस जो फोन झाला का हे विचारेल, हा माणूस नसेल तर सगळं ढेपाळतं. कॉलेजची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं मेंटॉर म्हणून घेतलीत तर दोन वर्षं तरी मिळतात.

फक्त घरात दारू-मारहाण असलेल्या मुलाला फोनवरचा मेंटॉर पुरत नाही, तिथे जवळ राहणारं माणूसच लागतं आणि १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मेंटॉरला पाठ हवा.