भिंतीतल्या पिंपळाचं बोन्साय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या जुन्या वाड्याची भिंत पाडणार आहेत. तिच्यात तीन इंच जाड खोडाचा पिंपळ आहे. तो काढून बोन्साय करता येईल का? केव्हा काढावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर: येईल, आणि असं झाड मिळणं भाग्याचंच. चिऱ्यांत अडकून वाढलेल्या पिंपळाची मुळं चपटी, पसरट झालेली असतात. रोपवाटिकेतल्या झाडाला तो घाट वर्षानुवर्षं येत नाही. (राखीव जंगलातून झाड उपटून आणणं मात्र भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार परवानगीशिवाय चालत नाही. भिंत, गटार, गच्ची इथले पिंपळ उत्तम.)

काढायची वेळ दोनदा येते. एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं गळून टोकाचे कोंब फुगतात तेव्हा. दुसरी, पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलै. घाटाखाली आणि कोकणात दुसरी बरी, कारण हवेतला ओलावा फुकट मिळतो. नोव्हेंबर ते जानेवारी हात लावू नका.

झाड ओढू नका. ओढलं की मुळाची साल सोलून भिंतीतच राहते आणि हातात नुसती काडी येते. चुन्याची भिंत असेल तर छिन्नीने दर्जा (चिऱ्यांमधल्या सांधी) मोकळ्या करत मुळाच्या मागे जा. सिमेंट असेल तर आजूबाजूचा तुकडा फोडून झाडासकट घरी आणा आणि पाण्यात भिजवून सावकाश सोडवा. चुना मुळांवरून धुऊन टाका. बारीक मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळा. पाच मिनिटांच्या वाऱ्यानेही ती सुकतात.

आता खोड. बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट ठेवतात. तुमचं झाड शेवटी दीड फुटाचं. पहिला काप त्याच्या एक तृतीयांशावर, म्हणजे सहा इंचांवर. पण वरचा भाग थोडा वाळतो म्हणून साडेसात इंचांवर घ्या, जादा भाग पुढच्या वर्षी काढा. चीक येईल, पाणी मारलं की थांबतो. सोटमूळ सरळ करवतीने कापा, आडवी मुळं जमतील तितकी ठेवा. मोठ्या कापांवर मलम लावा.

माती नको. विटांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे तीन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेलं कुजलेलं शेणखत एक भाग. विटांचा भुगा चाळून फेकाच, नाहीतर तळाशी चिखल बसतो. उथळ, रुंद लाकडी खोक्यात किंवा टबात लावा, तळाला भोकं पाडा आणि झाड सुतळीने खोक्याला घट्ट बांधा. हललं की नवी मुळं तुटतात.

प्रश्न: मी जुलैत असंच झाड आणलं. वीस दिवसांत फुटवे आले, खुशीत उन्हात ठेवून खत घातलं, आता सगळे फुटवे मान टाकून बसलेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फुटवे मुळं आल्याची खूण नव्हेत. खोडात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावर ते निघतात. खाली मुळं नसताना उन्हाने पानं पाणी उडवत गेली आणि खताने कुंडीतले क्षार वाढले. नखाने साल जराशी खरवडा: खाली हिरवं आणि पांढरा चीक दिसला तर झाड जिवंत आहे. साध्या पाण्याने दोनदा भरपूर निथळू द्या, सावलीत न्या, वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घाला आणि रोज थोडी उघडा. रोज पाणी ओतू नका. वरचा थर सुकत आला की द्या. फुटव्यांची दुसरी फेरी येऊन पानं कडक झाली आणि भोकांतून पांढरी मुळं डोकावली, तर मुळं धरली. त्यानंतर महिन्याने मूठभर निंबोळी पेंड. हलवून बघायचा मोह मात्र आवरा.

प्रश्न: पिंपळाची पानं तळहाताएवढी येतात. छाटली तर लहान होतील? (एक वाचक, पणजी)

उत्तर: इतक्यात नाही. पहिली दोन वर्षं झाडाला वाढू द्या. फांदी जाड करायची असेल तर ती लांब सोडा, मग दोन पानांवर कापा. फांदीला वळण द्यायला तार लावलीच तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. दीड-दोन महिन्यांत ती सालीत रुतते. उलगडून काढू नका, तुकडे करून काढा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी, झाड धष्टपुष्ट असेल तर, एप्रिलमध्ये देठ ठेवून सगळी पानं कापा. नवी पानं दोन-तीन आठवड्यांत येतात, जरा लहान. पानं नसताना पाणी कमी करा. वर्षातून एकदाच, आणि आजारी झाडावर कधीच नाही. तरी पिंपळाचं पान उंबराच्या पानासारखं आटोपशीर होत नाही. म्हणूनच एक फुटाखालचा पिंपळ बेढब दिसतो.